जोडलेली बशी मागे लपवू नका



बालवाडी असो की पहिलीचा वर्ग, खेळघराचा एक कोपरा हल्ली बऱ्याच शाळांत असतो. प्लॅस्टिकची शेगडी, कुकर, कढई आणि चहाचा एक संच त्यात हमखास सापडतो. एक किटली, चार कप, चार बशा. जूनमध्ये हा संच चकचकीत असतो. दिवाळीपर्यंत किटलीचं झाकण हरवतं, एका कपाचा कान तुटतो, एका बशीला चीर जाते. मग पालकसभा जवळ आली की आपण काय करतो? तुटकं कचऱ्यात टाकतो आणि नवा संच आणतो. स्वस्त असतो, कोण डोकं लावणार?

घरीही तेच. आजीच्या ट्रंकेत पितळेची भातुकली निघते. त्यातली चांगली, गुळगुळीत भांडी शोकेसमध्ये जातात. पोचे आलेली, डाग दिलेली, कडीच्या जागी तार बांधलेली भांडी मोडीत जातात.

जुनी खेळणी हौसेने जमवणारे जगभर आहेत. लहान मुलांचे जुने चहाचे संच हा तर त्यांचा आवडता विषय. तिथेही हाच हिशोब चालतो: अखंड संचाला मोठी किंमत, जोडलेल्याला कमी. बाजारासाठी तो हिशोब ठीक असेल, पण मला वाटतं शिक्षक आणि पालकांनी तो उलटा करायला हवा. मुलांना दाखवण्यासाठी जुनी खेळणी जमवायची असतील तर फुटून जोडलेली आधी घ्या. आणि ती दुरुस्ती झाकू नका, दिसेल अशी ठेवा. असं का म्हणते, ते सविस्तर सांगते.

हे चहाचे संच आले कुठून?

खेळण्यातल्या चहाच्या संचांची मोठी परंपरा इंग्लंडची. अठराव्या शतकात तिथे चहा ही महाग वस्तू होती. श्रीमंत घरांत चहाच्या पेटीला चक्क कुलूप असायचं. १७८४ साली इंग्लंडच्या सरकारने चहावरचा कर ११९ टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आणला आणि चहा साध्या घरांपर्यंत पोहोचायला मदत झाली. स्टॅफर्डशर भागात चिनी मातीच्या भांड्यांचे कारखाने होते. तिथे मोठ्यांच्या संचांबरोबर मुलांसाठी छोटे संचही बनू लागले. एकोणिसाव्या शतकात कागदावरची छापील नक्षी भांड्यावर उतरवण्याच्या पद्धतीमुळे ते स्वस्त झाले आणि भरपूर निघाले.

या संचांचे साधारण तीन आकार दिसतात. पहिला बाहुलीघरातला, नखाएवढ्या कपांचा. दुसरा बाहुलीसमोर मांडायचा. तिसरा त्याहून मोठा, ज्यात मुलांना खरंच घोटभर दूध किंवा पातळ चहा ओतता यायचा. पूर्ण संचात किटली, दुधाचं भांडं, झाकणाची साखरदाणी, कपबशा असायच्या. जुन्या संचात आणखी एक वाडगा असे, कपातला उरलेला गार चहा ओतून टाकण्यासाठी. हा वाडगा हातात घेतला तर कुणालाच ओळखू येत नाही. मुलांना 'हे कशासाठी असेल?' असं विचारायला यापेक्षा चांगली वस्तू मिळणार नाही!

जर्मनीतल्या थुरिंजिया प्रांतातही असे संच मोठ्या प्रमाणावर तयार व्हायचे. बाहुल्या आणि खेळण्यांसाठी प्रसिद्ध असलेलं सोनेबर्ग हे गाव तिथलंच. आपल्या शिक्षकांसाठी या प्रांताची आणखी एक ओळख आहे. फ्रोबेलने १८३७ साली लहान मुलांची आपली पहिली शाळा काढली ती थुरिंजियातल्याच बाड ब्लांकेनबुर्ग या गावात. तिलाच पुढे त्याने 'किंडरगार्टन' हे नाव दिलं. खेळ हेच लहान मुलाचं शिक्षण, हा विचार आणि खेळण्यांचे कारखाने एकाच प्रांतात वाढले.

विसाव्या शतकात जपानने हा बाजार काबीज केला. जपानी संचांचं वय ठरवणं तुलनेने सोपं जातं. अमेरिकेने १८९० साली कायदा केला की आयात मालावर तो बनलेल्या देशाचं नाव हवं. तेव्हा जपानी मालावर 'निप्पॉन' असा शिक्का येऊ लागला. १९२१ पासून अमेरिकेला 'जपान' हाच शब्द हवा झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर जपान परक्यांच्या ताब्यात होता, तेव्हा १९४७ ते १९५२ या काळातल्या बऱ्याच मालावर 'व्यापलेल्या जपानमध्ये बनवलेले' असा इंग्रजी शिक्का आहे. म्हणजे बाहुलीच्या बशीच्या पाठीवर एका देशाचा पराभव छापलेला असतो. सातवी-आठवीच्या मुलांना इतिहास इथूनही शिकवता येतो.

फुटलं की जोडायचं कसं?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. चिनी माती फुटते, आणि मुलांच्या हातात तर फुटणारच. किटलीची तोटी, कपाचा कान आणि झाकण या तीन जागा आधी जातात. आजच्यासारखे पक्के गोंद तेव्हा नव्हते. मग जोडायचे कसे?

सगळ्यात विलक्षण पद्धत म्हणजे तारेचे टाके. फुटलेले दोन तुकडे नीट जुळवायचे. चिरेच्या दोन्ही बाजूंना, हिऱ्याची कणी बसवलेल्या सामत्याने बारीक भोकं पाडायची. हा सामता दोरी आणि कमानीवर फिरायचा. भोक आरपार न्यायचं नाही, भांड्याच्या जाडीत अर्ध्यावर थांबायचं. मग पितळेच्या तारेचा छोटा टाका त्या दोन भोकांत ताणून बसवायचा. स्टेपलरची पिन डोळ्यांसमोर आणा, तसाच आकार. भोकांमधल्या अंतरापेक्षा टाका किंचित आखूड ठेवायचा, म्हणजे तो दोन्ही तुकड्यांना एकमेकांकडे ओढून धरतो. टाके सहसा बाहेरून किंवा खालच्या बाजूने घालत, त्यामुळे आतून भांडं स्वच्छ दिसे. दुरुस्ती करणारे कारागीर बहुधा टाक्यांच्या संख्येवर पैसे घेत.

आता विचार करा. बोटभर जाडीचीही नाही अशी बाहुलीची बशी. तिच्यात आरपार न जाणारी चार भोकं पाडायची आणि दोन टाके घालायचे. केवढं कसब! हात थोडा जास्त दाबला गेला की बशीचे दोनाचे चार तुकडे.

ही कला युरोपची एकट्याची नाही. चीनमध्ये तिची जुनी परंपरा आहे. जपानमधल्या टोकियो राष्ट्रीय संग्रहालयात हिरवट झिलईचा एक चिनी वाडगा आहे. तो अशीकागा योशिमासा या पंधराव्या शतकातल्या शोगुनकडे होता. त्याला तडा गेला तेव्हा तसाच दुसरा द्या म्हणून त्याने तो चीनला पाठवला. इतका सुंदर वाडगा आता बनत नाही असं सांगून चिनी लोकांनी तोच टाके घालून परत पाठवला, अशी त्याची कथा सांगतात. जपान्यांना ते टाके टोळासारखे दिसले आणि वाडग्याला त्यावरूनच नाव पडलं. आज तो वाडगा ओळखला जातो तो टाक्यांसकट. फुटक्या भांड्याची चीर लाखेने जोडून त्यावर सोन्याची पूड लावायची जपानी पद्धत, किंत्सुगी, अलीकडे आपल्याकडेही बऱ्याच जणांनी ऐकलेली आहे.

बाकीचे उपाय साधे होते. तुटलेल्या तोटीवर पत्र्याचं टोपण चढवायचं. कान गेला तर भांड्याभोवती पत्र्याची पट्टी आवळून तिला पत्र्याचाच नवा कान जोडायचा. झाकण हरवलं तर दुसऱ्या संचातलं बसेल ते झाकण ठेवायचं. सरसाने चिकटवायचं, मग काळानुसार ती रेघ तपकिरी पडते. दुसऱ्या महायुद्धानंतर रासायनिक गोंद घरोघरी आले आणि तारेचे टाके घालणारे हात कमी होत गेले.

आपली भातुकली आणि तिचे डाग

आपल्याकडे याच्या जवळची वस्तू म्हणजे भातुकली. चूल, तवा, परात, पळी, झारा, जातं, पाटा-वरवंटा, पोळपाट-लाटणं, बंब, घंगाळ. मातीची, दगडाची, लाकडाची, तांब्यापितळेची. सावंतवाडीच्या चितारआळीतली रंगीत लाकडी भातुकली तर कित्येकांच्या लहानपणीची आठवण आहे. रुखवतातही भातुकली मांडायचे.

जुन्या भातुकलीत मात्र कपबशी शोधून सापडत नाही, कारण चहाच आपल्या घरात उशिरा आला. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळकांसारख्यांवर ग्रामण्य आलं, प्रायश्चित्ताचा वाद झाला. एका कपाने एवढं वादळ उठवलं होतं. पुढे चहा स्वयंपाकघरात रुळला आणि मग तो मुलांच्या खेळातही आला. भातुकलीत आधी चूल होती, मग स्टोव्ह आला, मग गॅसची शेगडी आली, आता मिक्सर आणि ओव्हन आहेत. घरात काय बदललं याची नोंद भातुकली बिनबोभाट ठेवत असते.

आणि दुरुस्त्या? त्या आपल्या भातुकलीवरही भरपूर आहेत, फक्त आपण त्यांना दुरुस्ती म्हणून बघत नाही. पोचा आलेला तांब्या आतून ठोकून सारखा केलेला असतो. गळक्या पातेल्याला कथलाचा डाग दिलेला असतो. कढईची कडी निघाली तर तिथे दुसरा खिळा ठोकलेला दिसतो. पोळपाटाचा पाय मोडला तर तिथे वेगळ्याच लाकडाचा पाय बसवलेला असतो. कल्हईवाला दारात आला की मोठ्या भांड्यांबरोबर पोरींच्या भातुकलीतलं एखादं पातेलंही भट्टीवर तापायचं. नवसागराची पूड टाकून, कथील फिरवून ते आतून पांढरंशुभ्र निघायचं. बाहुलीच्या पातेल्याला खरी कल्हई!

दुर्दैव असं की पितळेची भातुकली वजनावर विकली जाते. मोडीच्या तराजूला डाग कळत नाही आणि कसबही कळत नाही. त्यातही ज्याच्यावर दुरुस्ती दिसते तेच भांडं आधी मोडीत जातं. म्हणजे ज्या वस्तूकडे सांगण्यासारखं सगळ्यात जास्त, ती सगळ्यात आधी वितळते. म्हणून घरात भातुकली निघाली तर मोडीत देण्यापूर्वी एकदा उलटी करून, उजेडात धरून बघा, एवढीच विनंती.

दुरुस्ती मुलांना काय शिकवते?

एक, किंमत आणि मोल यांतला फरक. चार आण्यांच्या खेळण्यावर कुणीतरी पैसे खर्च केले. नवं घेता आलं असतं, तरी जुनं जोडलं. मुलांना विचारा, का? उत्तरं ऐकण्यासारखी येतात. 'सहाचा सेट होता, एक कप सुटा मिळत नसेल.' 'तिच्या आत्याने दिला असेल.' 'दुकान लांब असेल.' सगळी उत्तरं शक्य आहेत.

दोन, पुरावा आणि कल्पना यांतला फरक. हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बशी सांगते की ती फुटली, कुणीतरी दोन टाके घातले, आणि त्यानंतरही ती जपून ठेवली गेली. एवढाच पुरावा. 'ती एका आजारी मुलीची होती' ही झाली आपली कल्पना. जुन्या वस्तू विकणारे अशा गोष्टी रंगवून सांगतात आणि आपण भुलतो. मुलांना फळ्यावर दोन रकाने आखून द्या: 'वस्तू काय सांगते' आणि 'मला काय वाटतं'. इतिहास शिकवण्याची याहून सोपी सुरुवात नसेल.

तीन, चूक झाली की पुढे काय करायचं. मारिया मॉन्टेसरी यांच्या 'बालकांच्या घरा'त मुलं खरी काचेची आणि चिनी मातीची भांडी वापरत. भांडं फुटू शकतं म्हणूनच मूल ते जपून धरतं, असा त्यामागचा विचार. न फुटणारं भांडं दिलं तर हाताला काळजी घ्यायचं कारणच उरत नाही. १९३९ साली मॉन्टेसरी भारतात आल्या, युद्धाची वर्षं इथे राहिल्या आणि त्यांनी पुष्कळ शिक्षक तयार केले. आपल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तो विचार बोर्डी-कोसबाडच्या मुलांसाठी इथल्या मातीत रुजवला. महागड्या साधनांऐवजी परिसरात मिळेल त्यातून साधनं तयार केली. माझं म्हणणं त्यापुढचं एक छोटं पाऊल आहे. भांडं फुटू शकतं हे मुलाला कळलं, छान. आता फुटलेलं जोडताही येतं हेही कळू दे. नाहीतर मूल एवढंच शिकतं की फुटलं की लपवायचं किंवा शेजारच्याचं नाव सांगायचं. वर्गात काही फुटल्यावर जी शांतता पसरते ना, ती आपण सगळ्यांनी अनुभवलेली आहे. त्या क्षणी आपण 'कोणी फोडलं?' असं विचारतो की 'कसं जोडूया?' असं, यावर बरंच काही ठरतं.

चार, हातांना मान. कासार, कल्हईवाले, लोहार, बोहारणी, छत्री आणि स्टोव्ह दुरुस्त करणारे. नवं घडवणाऱ्याचं नाव कधीतरी भांड्यावर कोरलेलं असतं, दुरुस्ती करणाऱ्याचं कधीच नसतं. समाजाने या कामांना खालचं मानलं आणि शाळेनेही त्यांची दखल घेतली नाही. तुमच्या वर्गात एखाद्या मुलाचे आजोबा कल्हई करत असतील. त्यांना एक दिवस शाळेत बोलवा. कथील २३२ अंश सेल्सियसला वितळतं हे विज्ञानाच्या पुस्तकात वाचणं वेगळं आणि त्यांनी कापसाच्या बोळ्याने ते भांडभर फिरवताना बघणं वेगळं. त्या दिवशी त्या मुलाची मान किती ताठ असते बघा.

आक्षेप येतील, यायलाच हवेत

पहिला आक्षेप सुरक्षेचा, आणि तो अगदी बरोबर आहे. जुनी झिलई, जुना रंग आणि जुना डाग यांत शिसं असू शकतं. म्हणून स्पष्ट सांगते, जुनी खेळणी बघायची, मोठ्यांच्या देखरेखीखाली हाताळायची आणि नंतर हात धुवायचे. तोंडात घालायची नाहीत, त्यांतून काही प्यायचं-खायचं नाही. तीन-चार वर्षांच्या मुलांच्या खेळाच्या टोपलीत ती ठेवायची नाहीत. रोजच्या खेळासाठी नवी, प्रमाणित खेळणीच हवीत. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, ते बघून घ्या.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. 'ज्या मुलाच्या घरात सगळंच शिवलेलं आणि जोडलेलं असतं त्याला दुरुस्तीचं कौतुक काय सांगता? ही पोटभरल्यांची हौस आहे.' या आक्षेपाला मी हसण्यावारी नेत नाही. शिवलेलं दप्तर आणलं म्हणून मधल्या सुट्टीत एखादं मूल चिडवलं जातं, हे आपण पाहतो. पण नेमकं म्हणूनच वर्गातल्या मांडणीत जोडलेली बशी पहिल्या रांगेत हवी. शाळेने जी वस्तू मानाने मांडली, तिच्यासारखीच वस्तू माझ्या घरात आहे, हे त्या मुलाला कळायला हवं. आणि चिडवणाऱ्यालाही कळायला हवं.

मात्र एक गोष्ट इथे ठणकावून सांगायला हवी. दुरुस्त केलेलं खेळणं आणि मोडकं खेळणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. 'मुलांना द्या' म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळेत चाकं निघालेल्या गाड्या आणि हात नसलेल्या बाहुल्या पोत्याने आणून टाकणारे दाते असतात. ते दान नाही, ती घरातली साफसफाई. दुरुस्ती म्हणजे कुणीतरी वेळ दिला, हात लावला. मोडकं तसंच पुढे ढकललं तर त्यात मुलाचा अपमानच आहे. माझ्या लेखाचा आधार घेऊन कुणी असं करू नये.

तिसरा आक्षेप असा की चहाचे संच आणि भातुकली म्हणजे मुलींना चुलीशी बांधणारी खेळणी. खरं आहे. इंग्लंडमधल्या मुलींनाही चहा ओतण्याचे रीतिरिवाज शिकवायला ते संच वापरले जात. पण त्यावर उपाय संच फेकून देणं नाही, तो मुलग्यांसमोरही मांडणं आहे. चहा मुलग्यांनी ओतावा, कप मुलींनी जोडावा, कडीचा खिळा दोघांनी मिळून ठोकावा. आणि 'ही फक्त मुलींनाच का देत होते?' हा प्रश्न मोठ्या वर्गात जरूर विचारावा. वस्तू जपणं म्हणजे तिच्यामागची रूढी जपणं नव्हे.

जमवायचं तर असं

ज्यांना आवड आहे त्यांच्यासाठी काही साध्या गोष्टी सांगते.

भांडं बोटाच्या टिचकीने वाजवून बघा. माठ घेताना बघतो तसंच. अखंड भांडं खणखणतं, तडा गेलेलं बद्द वाजतं.

टाका खरा असेल तर त्याच्या दोन पायांमधून चीर गेलेली दिसते.

रंगाचा पोत एके ठिकाणी वेगळा वाटला तर तिथे नंतर रंग मारून दुरुस्ती लपवलेली असू शकते. अतिनील दिव्याखाली नवे गोंद आणि नवे रंग बऱ्याचदा वेगळे चमकतात.

जुने टाके काढू नका, जुना डाग घासून पुन्हा नवा देऊ नका. टाके घातलेलं भांडं गरम पाण्यात बुडवून ठेवू नका. पितळेच्या भांड्यावर चिंच किंवा पॉलिश लावून डागाची जागा रगडू नका. कोरडं मऊ फडकं पुरे.

एक वही ठेवा. वस्तू कुठून आली, कोणी दिली, कधी, किती रुपयांत, कुठे फुटली आहे, कशी जोडली आहे. वस्तू घरातलीच असेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारा, उद्यावर टाकू नका.

बाजारात हिंडायचं तर मुंबईचा चोरबाजार, पुण्याचा जुना बाजार आहेच. पण माझं ऐका, आधी घरातला माळा बघा. परदेशातल्या नातेवाइकांना भेट म्हणून पाठवायचं मनात असेल तर लक्षात असू द्या, शंभर वर्षांहून जुन्या पुराणवस्तू देशाबाहेर नेण्यावर १९७२ च्या कायद्याने बंधनं आहेत.

रोजच्या वापरातल्या वस्तू जमवून केवढं काम उभं राहू शकतं हे बघायचं तर सहल पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात न्या. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, भांडी, दरवाजे अशा वस्तू आयुष्यभर जमवल्या आणि लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं, नाव त्या संग्रहाला दिलं.

वर्गात काय करता येईल?

पहिली-दुसरीसाठी: 'जोडूया कोपरा'. एका डब्यात गोंद, चिकटपट्टी, सुतळी, सुई-दोरा, जाड कागद ठेवा. काही तुटलं की कचऱ्याआधी त्या डब्याकडे जायचं, हा वर्गाचा नियम. जोडलेल्या वस्तूवर जोडणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहायची. कारागिरांना जे मिळालं नाही ते मुलांना मिळू दे!

तिसरी-चौथीसाठी: घरातली एक दुरुस्त वस्तू शोधून तिचं चित्र काढणं आणि तिच्याबद्दल पाच वाक्यं लिहिणं. 'ही वस्तू कोणी जोडली?' हा प्रश्न घरी जाऊन विचारायचा.

पाचवी ते आठवीसाठी: दोन रकान्यांचा पुराव्याचा खेळ, भातुकलीतून घरातल्या इंधनाचा इतिहास, कल्हईमागचं रसायन, कारागिराची मुलाखत. हे सगळं परिसर अभ्यास, विज्ञान, इतिहास आणि मराठी या विषयांत सहज बसतं, वेगळा तास काढावा लागत नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर खेळण्यांतून शिक्षण हा विषय प्रशिक्षणात वारंवार येतो आहे. २०२३ मध्ये केंद्र सरकारने तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी 'जादुई पिटारा' आणला, त्यातही खेळणी आहेत. चांगलंच आहे. पुण्याच्या आयुकातल्या विज्ञान केंद्रातून अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंतून खेळणी करायला शिकवलं, त्यालाही कितीतरी वर्षं झाली. त्यात मला एकच भर घालायची आहे. पिटाऱ्यातलं खेळणं वर्षभरात तुटेल तेव्हा नवा पिटारा कधी येणार, असं आपण विचारणार. तो विचारायलाच हवा, तो मुलांचा हक्क आहे. पण तोपर्यंत तुटलेलं खेळणं घेऊन मुलांच्या शेजारी खाली बसायचं की नाही, हे ठरवायला कुठल्याही परिपत्रकाची गरज नाही.

यंदा स्नेहसंमेलनात वस्तूंचं प्रदर्शन मांडाल तेव्हा अखंड, चकचकीत वस्तू जरूर ठेवा. त्यांच्याही पुढे एक टेबल फक्त जोडलेल्या वस्तूंसाठी ठेवा. त्यावर पाटी लावा: 'फुटलं होतं, जोडलं.' आणि मुलांनाच तिथे उभं करून पाहुण्यांना माहिती सांगू द्या. तुमच्या शाळेत किंवा घरी असं एखादं डाग दिलेलं पातेलं, टाका घातलेली बशी असेल तर तिच्याबद्दल जरूर कळवा. आपण सगळे मिळून त्यांची यादी करू.